समुद्रात रेंज कुणाची?

३० जानेवारी २०२५. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. ‘आयएनएसव्ही तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून पॉइंट निमोवरून गेल्या. पॉइंट निमो म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातली अशी जागा, जिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्याच वेळी डोक्यावरून जात असेल, तर तुमच्या सगळ्यात जवळची माणसं म्हणजे चारशे किलोमीटर उंचीवरचे अंतराळवीर! २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघालेल्या या दोघी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या.

ही बातमी वाचताना माझ्या डोक्यात आलेला पहिला प्रश्न अगदी आपल्या पिढीचा होता. तिथे रेंज कुठली?

तारिणीच्या मागे अख्खं नौदल उभं होतं. पण जगात कितीतरी लोक स्वतःच्या पस्तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडतात. कुणी नोकरीतून ब्रेक घेऊन, कुणी रिटायर झाल्यावर, कुणी पोराबाळांसकट. या लोकांमध्ये वर्षानुवर्षं एक वाद रंगतो: लांबच्या प्रवासाला निघताना बोटीवर रेडिओ बसवायचा की सॅटेलाइट? आणि हल्ली, विशेषतः तरुण मंडळींकडून, उत्तर येतं, ‘ऑफकोर्स सॅटेलाइट! रेडिओ आजोबांच्या जमान्यातला.’

मला हे उत्तर अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल हा लेख आहे.

आधी ऑप्शन समजून घेऊ

बोटीवरचा सगळ्यात साधा रेडिओ म्हणजे व्हीएचएफ. मासेमारी बोटींवर ज्याला सरळ ‘वायरलेस’ म्हणतात, तोच. याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपलं. अँटेना डोलकाठीच्या टोकावर असेल तर दोन बोटींमध्ये पंधरा-वीस सागरी मैल, म्हणजे तीसेक किलोमीटरपर्यंत बोलता येतं. चॅनल १६ हा जगभर हाक मारण्याचा आणि मदत मागण्याचा चॅनल. नव्या सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते दाबलं की तुमच्या बोटीचा नऊ आकडी नंबर आणि जागा आसपासच्या सगळ्या सेटवर घंटी वाजवत पोचते. एवढ्या सेटची किंमत परदेशात २०० ते ३०० डॉलर, म्हणजे आपल्या एका बऱ्यापैकी फोनइतकी.

दुसरा रेडिओ लांब पल्ल्याचा. त्याला एचएफ म्हणतात. शिडाच्या बोटीवाले ‘एसएसबी’ही म्हणतात. याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि हजारो किलोमीटर जातात. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी चालतात, रात्री खालच्या. ऐकायला भारी वाटतं, पण सेट, अँटेना ट्यूनर, वायरिंग, ईमेलसाठी वेगळा मॉडेम असं सगळं धरलं तर खर्च काही हजार डॉलरमध्ये जातो. शिवाय ते चालवायला सवय लागते, परवाना लागतो आणि चिकाटीही.

तिसरा ऑप्शन सॅटेलाइट. यातही प्रकार आहेत. खिशात मावणारं, छोटे मेसेज पाठवणारं यंत्र. इरिडियमचा फोन, ज्याचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांसकट सगळी पृथ्वी झाकतात. आणि आता स्टारलिंक. स्टारलिंकने जुलै २०२२ मध्ये समुद्रासाठीची सेवा सुरू केली आणि सगळा खेळच बदलला. त्याआधी बोटीवाले इरिडियमवरून सेकंदाला २.४ किलोबिट या वेगाने हवामानाची फाइल उतरवत बसायचे. आता भर महासागरात व्हिडिओ कॉल होतो.

सॅटेलाइटची बाजू मजबूत आहे, मान्य

सॅटेलाइटवाल्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती खरंच तगडी आहे.

वादळ कुठून येतंय हे चार दिवस आधी नकाशावर दिसतं. आजारी माणसाचा फोटो डॉक्टरला पाठवता येतो. बोटीवरून ऑनलाइन नोकरी करता येते, म्हणजे प्रवासासाठी साठ वर्षांचं व्हायची वाट बघावी लागत नाही. घरचे लोक नकाशावर ठिपका बघून झोपू शकतात. आणि हे चालवायला शिकावं लागत नाही. उलट्या करून अर्धमेला झालेला नवखा खलाशीसुद्धा मेसेज टाइप करू शकतो. एचएफवर योग्य बँड शोधणं त्याच्याच्याने होणार नाही.

संपर्क नसला की काय होतं, हे १९६८-६९ च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीने दाखवलंय. एकट्याने, न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत. जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ ही बोट चक्क आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली. त्याचा रेडिओ वाटेतच बंद पडला आणि न्यूझीलंड सोडल्यावर जवळपास साडेचार महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. तो २२ एप्रिल १९६९ ला इंग्लंडला पोचला. बर्नार्ड मोइतेसिए हा फ्रेंच स्पर्धक तर निरोप डब्यात घालून गलोलीने जवळच्या जहाजांवर फेकायचा!

त्याच शर्यतीतली डोनाल्ड क्रोहर्स्टची गोष्ट मात्र काळीज हलवणारी आहे. तो दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपण खूप पुढे गेल्याचं भासवत राहिला. शेवटी १० जुलै १९६९ ला त्याची बोट सापडली, रिकामी. तो कधीच सापडला नाही. आज बोटीवर ट्रॅकर असतो, असं खोटं एक दिवसही टिकणार नाही. कदाचित त्याला वेळेवर परत बोलावताही आलं असतं.

अभिलाष टॉमी यांचं उदाहरण तर आपल्याला माहीत असायलाच हवं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘थुरिया’ या बोटीवर होते. ही गोव्यात बांधलेली सुहैलीची प्रतिकृती. शर्यतीचा नियमच असा की १९६८ सारखं जायचं: सेक्स्टंट, कागदी नकाशे, एचएफ रेडिओ. सॅटेलाइटचं छोटं टेक्स्ट यंत्र होतं, पण ते आयोजकांशी सुरक्षिततेपुरतं. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंद महासागरात वादळाने बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. उठताही येत नव्हतं. त्या अवस्थेत त्यांनी पाठवलेले तुटक मेसेज त्या छोट्या यंत्रावरूनच जगापर्यंत पोचले. नौदलाच्या विमानाने त्यांची बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजाने त्यांना उचललं. सॅटेलाइट नसतं तर? हा विचारही नको वाटतो.

मग माझा आक्षेप कशाला आहे?

फोकणी आणि टोकणी

मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द शिकवतात. तो मूळचा शेतीतला आहे. मूठभर बी घेऊन शेतात फेकत जायचं, आपल्याकडे ज्याला ‘फोकून पेरणं’ म्हणतात, ते म्हणजे ब्रॉडकास्ट. याउलट टोकण. एकेक बी ठरलेल्या जागी लावायचं.

रेडिओ ही फोकणी आहे आणि सॅटेलाइट ही टोकण. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचा तर तो कुणाला, हे आधी माहीत असावं लागतं. आईला, मित्राला, किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला. रेडिओवर मात्र तुम्ही फक्त बोलता. जो ऐकतोय, त्याच्यापर्यंत ते पोचतं.

आता समुद्रावर संकट आलं तर मदतीला कोण येतं? किनाऱ्यापासून हजार मैलांवर तटरक्षक दलाची बोट लगेच येऊ शकत नाही, हेलिकॉप्टरचं इंधन पुरत नाही. येतो तो शेजारी. दहा मैलांवरून जाणारं मालवाहू जहाज, मासेमारी ट्रॉलर, तुमच्यासारखीच एखादी बोट. आणि त्या जहाजाचा नंबर तुमच्या फोनमध्ये नसतो. त्याचा कॅप्टन तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही नसतो. तुमच्या बाजूने विचार करा: स्टारलिंकवरून तुम्ही नाशिकच्या मावशीशी एचडी व्हिडिओवर बोलू शकता, पण समोरून तुमच्यावर चालून येणाऱ्या जहाजाला ‘अहो, इकडे बघा’ सांगू शकत नाही. त्यासाठी चॅनल १६ च लागतो.

२०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये हेच दिसलं. १८ नोव्हेंबरला फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची बोट हिंद महासागरात काही मिनिटांत बुडाली. आपत्कालीन बीकनचा इशारा उपग्रहांनी पकडला आणि किनाऱ्यावर कळलं. म्हणजे सॅटेलाइटने काम चोख केलं. पण त्यांना तराफ्यातून प्रत्यक्ष उचललं कुणी? सुमारे शंभर सागरी मैलांवर असलेल्या दुसऱ्या स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी. त्या रात्रभर बोट हाकत तिथे पोचल्या. पुढे ती शर्यतही त्यांनीच जिंकली, आणि दुसरे आले अभिलाष टॉमी! निरोप आकाशातून गेला, पण हात शेजाऱ्याचाच होता.

ऐकणारा झोपला तर?

टायटॅनिक सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातली रेडिओची गोष्ट मात्र फारशी लक्षात राहत नाही. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज टायटॅनिकच्या जवळपास होतं. त्यावर रेडिओ ऑपरेटर एकच. तो दिवसभराचं काम संपवून सेट बंद करून झोपला होता. बऱ्याच लांबच्या ‘कार्पेथिया’चा ऑपरेटर अजून जागा होता, म्हणून त्याला हाक ऐकू आली आणि सातशेहून जास्त लोक वाचले. त्यानंतरच जहाजांवर चोवीस तास रेडिओ ऐकण्याचे नियम आले.

म्हणजे रेडिओची ताकद बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांत आहे. आणि इथेच मला खरी काळजी वाटते.

लांब पल्ल्याच्या रेडिओवर बोटीवाल्यांच्या ‘नेट’ची परंपरा आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळे जमतात. हजेरी होते, कोण कुठे आहे, वारा कसा आहे, कुणाचं इंजिन बिघडलंय, कुणाकडे सुटा भाग आहे. गावच्या पारासारखंच. कुणी दोन दिवस बोललं नाही तर इतर विचारतात. पॅसिफिक सीफेअरर्स नेट हे असंच हौशी रेडिओवाल्यांनी चालवलेलं. पण स्टारलिंक आल्यापासून अशा नेटवरची गर्दी ओसरते आहे. प्रत्येक बोटीचा निर्णय स्वतःपुरता शहाणपणाचाच असतो: एवढा खर्च, एवढी कटकट कशाला? पण एकेक जण पारावरून उठून घरी गेला की पार ओस पडतो. मग जो उरतो त्याचा रेडिओही निरुपयोगी ठरतो, आणि म्हणून तोही उठतो. ग्रुप कॉलमधून एकेक जण लेफ्ट होत जातो, तसंच.

दोन्ही बंद पडतात

‘पण सॅटेलाइट जास्त भरवशाचं आहे ना?’ बहुतेक वेळा, हो. पण २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली. कारण वादळ नव्हतं, कंपनीच्या आतलं सॉफ्टवेअर बिघडलं होतं. त्याच वेळी तुम्ही जहाजांच्या गर्दीत असलात तर? सबस्क्रिप्शन संपलं, प्लॅनचे नियम बदलले, कार्ड चाललं नाही, तरी तेच.

रेडिओही काही अमर नाही. सूर्यावर मोठा स्फोट झाला की उजेडाच्या बाजूचा एचएफ गप्प होतो. डोलकाठी मोडली की तिच्या टोकावरची व्हीएचएफची अँटेनाही जाते. म्हणून तर हातातला छोटा सेट वेगळा ठेवतात. आणि विजेचं गणित आहेच. स्टारलिंकच्या नेहमीच्या अँटेनाला ७५ ते १०० वॉट लागतात, मिनीला २५ ते ४०. व्हीएचएफ नुसता ऐकत ठेवायला चार-पाच वॉट पुरतात. सोलर पॅनलवर जगणाऱ्या बोटीला हा फरक मोठा.

आपल्या किनाऱ्यापुरता आणखी एक मुद्दा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. २६/११ चे हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते आणि त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता, ही आठवण मुंबईकरांना वेगळी करून द्यायला नको. मेसेज पाठवणारी खिशातली यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी पर्यटकांवरही आपल्या विमानतळांवर कारवाई झाली आहे. त्यामुळे मुंबई, गोवा किंवा कोचीला बोट घेऊन येणाऱ्याने सॅटेलाइटच्याच भरवशावर राहणं म्हणजे नसती आफत. परवाना रेडिओलाही लागतो, पण चॅनल १६ ही बंदरात शिरण्याची भाषाच आहे. ती कुठलाही देश बंद करत नाही.

मग मी काय निवडेन?

माझ्याकडे बोट नाही, आणि इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये वल्हंसुद्धा येणार नाही. पण बजेट हातात दिलं तर माझा क्रम हा असेल.

पहिलं, लाल बटणवाला व्हीएचएफ, सोबत हातातला एक सेट. चर्चा नाही.

दुसरं, ईपीआयआरबी, म्हणजे तो आपत्कालीन बीकन. ४०६ मेगाहर्ट्‌झवर तो थेट बचाव यंत्रणेच्या उपग्रहांशी बोलतो आणि त्याला महिन्याचा रिचार्ज लागत नाही. भारतासाठी असे इशारे इस्रोच्या बेंगळुरू केंद्रात येतात.

तिसरं, छोटं सॅटेलाइट मेसेज यंत्र, जिथे कायद्याने चालतं तिथे. हवामानासाठी आणि घरच्यांसाठी. आणि ते झोपतो तिथून हात पोचेल असंच ठेवायचं. टॉमी जखमी होऊन पडले तेव्हा दुसरं टेक्स्ट यंत्र आणि हातातला रेडिओ असलेली आपत्कालीन बॅग त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर होती. यंत्र असणं आणि हाताशी असणं यात फरक आहे.

चौथं, पैसे उरले तर स्टारलिंक.

आणि एचएफ? इथे मी रेडिओवाल्यांनाही नाराज करणार आहे. पहिल्यांदाच निघणाऱ्याने हजारो डॉलर घालून पूर्ण सेट बसवावा, असं मला वाटत नाही. पण नुसता ऐकणारा एचएफ रिसीव्हर स्वस्तात मिळतो. तो घ्यावा. बोलता आलं नाही तरी हवामान ऐकता येईल, कुणाची हाक कानावर पडली तर सॅटेलाइटवरून पुढे कळवता येईल. पारावर बोलत नसलात तरी बसायला हरकत नाही.

इस्रोने आपल्या मच्छीमारांसाठी २०१० पासून एक संकट-यंत्र दिलंय. बटण दाबलं की उपग्रहामार्फत निरोप जातो. पण पहिल्या पिढीतल्या यंत्रात निरोप पोचला का, हे बोटीवरच्या माणसाला कळत नव्हतं. नव्या पिढीच्या यंत्रात उलट उत्तर येतं: तुमचं ऐकलंय, मदत येतेय. तांत्रिकदृष्ट्या सुधारणा छोटी वाटेल. पण खवळलेल्या समुद्रात काळोखात बसलेल्या तांडेलाला विचारा, तिची किंमत काय ते.

म्हणून रेडिओ की सॅटेलाइट, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. मला कुणाशी बोलता येईल, एवढंच आपण विचारतो. समुद्रावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मी कुणाचं ऐकायला हजर आहे? सॅटेलाइट घेतल्याने पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्यासाठी व्हीएचएफ चालू ठेवून चॅनल १६ वर कान लावून बसावं लागतं, स्वतःला काहीच सांगायचं नसतानाही. त्याला महिन्याला एक रुपया लागत नाही. फक्त तो सेट म्यूट करायचा नसतो.